आईचे नव्व्याण्णव टक्के

माझ्या आईच्या रक्तातला ऑक्सिजन त्या हिवाळ्यात रोज अठ्ठ्याण्णव नाहीतर नव्व्याण्णव टक्के भरत होता, आणि त्याच दिवसांत ती आमच्या डोळ्यांदेखत हातातून निसटत होती. दोन्ही गोष्टी एकाच घरात चालल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी त्यातली आकड्याची गोष्ट खरी मानली, कारण आकडा दिसत होता आणि आई "काही नाही वं" म्हणत होती.

आकड्यावर एवढा भरवसा कुठून आला, ते आधी सांगायला हवं. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते ऑक्सिमीटर आमच्या घरी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आलं, बाबांसाठी. वडनेर भोलजीत तेव्हा ते कुठेच मिळत नव्हतं. माझ्या धाकट्या भावानं कुणाच्या तरी हातापाया पडून पैदा केलं. बाबा बाजेवर उशीला टेकून बसायचे, चहा मागायचे, कापसाला पाणी दिलं का विचारायचे. आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे न बघता बोटाकडे बघायचो. नव्वद. मग सत्त्याऐंशी. मग ऐंशीच्या खाली. भाऊ म्हणाला, "यंत्र खराब हाये ताई, बाबा तं बोलून राह्यले चांगले." यंत्र खराब नव्हतं. माणूस बरा दिसत असला आणि आकडा वाईट असला, तर आकडा खरा मानायचा, हा धडा आमच्या घरानं बाबांच्या जिवावर शिकून घेतला.

बाबा गेल्यावर आईनं ते यंत्र धुतल्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलं. मी म्हटलं, अगं, ते काय देवाशेजारी ठेवायची वस्तू आहे का? ती म्हणाली, "खरं बोलते थे. खरं बोलनारं घरात दुसरं कोन हाये?" हा टोमणा मला होता की भावाला, हे आम्ही दोघांनी कधीच ठरवलं नाही.

आता माझा धंदा. मी खामगावला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आणि हे यंत्र तो आकडा कसा काढतं, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलेय. अभ्यासक्रमात ते धड नाही, पण प्रकाशाचं शोषण नुसतं फळ्यावर शिकवलं की पोरं जांभया देतात. म्हणून मी खिडक्या बंद करायला लावायची, मोबाईलची बॅटरी लावून त्यावर तळहात ठेवायची. बोटं आतून लालबुंद पेटायची. पोरं "आईशप्पथ" म्हणायची. मग मी सांगायची, की हा जो लाल उजेड पार होऊन आला, त्यात तुमच्या रक्ताची बातमी आहे.

ती बातमी वाचायची रीत सोपी आहे. यंत्राच्या एका जबड्यात दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा. समोरच्या जबड्यात उजेड मोजणारा डोळा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल उजेडाला जाऊ देतं. ऑक्सिजन सोडून बसलेलं हिमोग्लोबिन तो गिळून टाकतं. न दिसणाऱ्या उजेडात साधारण याच्या उलट. पण बोटात नुसतं रक्त नसतं, कातडी असते, हाड असतं, मेंदीही असते. म्हणून यंत्र फक्त नाडीबरोबर हलणारा उजेड धरतं, कारण ठोक्याबरोबर हलतं ते धमनीतलं ताजं रक्त, बाकी सगळं जागच्या जागी. हलणाऱ्या भागाला न हलणाऱ्या भागानं भागायचं, लालचं वेगळं, दुसऱ्याचं वेगळं, आणि आलेल्या दोन उत्तरांचं पुन्हा गुणोत्तर काढायचं. ते गुणोत्तर पंचविसानं गुणायचं आणि एकशे दहातून वजा करायचं. हा ढोबळ हिशेब झाला; खऱ्या यंत्राच्या पोटात एक कोष्टक असतं, तरण्याताठ्या निरोगी माणसांना कमी-कमी ऑक्सिजनवर ठेवून, त्यांचं रक्त तपासून बनवलेलं. परीक्षेत मी हा प्रश्न घालायची: गुणोत्तर शून्य पूर्णांक चव्वेचाळीस शतांश असेल तर संपृक्तता किती? उत्तर, नव्व्याण्णव टक्के. दोन गुण.

त्या कोष्टकातल्या तरण्याताठ्या माणसांपैकी कुणी शेगडीशेजारी झोपलेलं नव्हतं. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. कशाला येईल?

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा लागल्यावर मी वडनेरला आले, आणि ऐन थंडीत मुलगी झाली. आईची थोरली बहीण, माझी मावशी, धामणगाव बढ्याहून खास आली. मावशीनं आजवर नात्यातली किती बाळंतपणं काढली याची तिलाच गणती नाही, आणि प्रत्येकीला ती एकच शिक्षा देते. कानात कापूस, डोक्याला फडकं, खिडक्यांच्या फटीत फाटक्या लुगड्याची बोंदरं, आणि बाजेखाली शेगडीत इस्तो. इस्तो म्हणजे विस्तव. बाळंतिणीच्या खोलीतला इस्तो सव्वा महिना विझू द्यायचा नाही. राखेखाली झाकून जपायचा, सकाळी फुंकर घालून जागा करायचा, त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकून लेकराला धुरी द्यायची. इस्तो इझला तर बाळंतिणीले वारं लागते, असं मावशी म्हणते. वारं लागलं की डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, हातपाय गळतात. त्यावर उपाय काय, तर अजून शेक.

ही लक्षणांची यादी पुन्हा एकदा वाचावी. मी ती आता झोपेतसुद्धा म्हणू शकते.

या रीतीची चेष्टा मी करणार नाही. आमचं जुनं घर मातीचं आणि कवेलूचं, म्हणजे कौलांचं होतं. कवेलूच्या घराला सगळीकडून श्वास असतो. चूल पेटली की छपरातून धूर निघताना रस्त्यावरून दिसायचा. त्या घरात मावशीनं आईचं बाळंतपण काढलं, माझ्या जन्माचा इस्तो तिथेच सव्वा महिना जागता राहिला, आणि कुणाला काही झालं नाही. बाबा गेल्यावर भावानं ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. सरकत्या काचांच्या खिडक्या, रबराची पट्टी लावलेली, धूळ म्हणून आत येत नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या खिडक्या सरकवून दाखवायची. घर बदललं आणि रीत तीच राहिली, एवढंच झालं. त्याच्यात कुणाला दोष द्यायचा तो द्या.

बाळंतपणाच्या खोलीत माझे डोळे चुरचुरत होते, लेकरू शिंकत होतं. मी माहेरी पाय ठेवला की माझी कॉलेजातली मराठी दाराबाहेरच राहते. मी आईला सरळ सांगितलं, "आई, थो इस्तो काढ येथून. लेकराच्या नाकात धूर जाऊन राह्यला."

मावशी म्हणाली, "बाळंतिणीचा इस्तो हालवत नसतेत."

"मंग मी हालते. आत्ता भावाले गाडी काढाले लावते आन् खामगावले जाते."

मी हट्टाला पेटले की आई नेहमी एकच करायची, दोन्ही बाजूंना राजी ठेवायची. तिनं शेगडीचे कान धरले आणि उचलून सयपाकखोलीत नेली. "असं कायले बोलून राह्यली माय? काढला ना. पोरगी शिकेल हाये, तिले कळते लेकराचं." आणि मावशीकडे वळून, "इझू देत नाही वं बाई मी. माह्यापाशी ठेवतो. जागीच राहीन शेगडी."

इस्तो विझला नाही. आई थंडीमुळे आणि मांजर दुधाला तोंड लावतं म्हणून सयपाकखोलीचं दार लावून तिथेच झोपायची, आता तिच्या उशाशी शेगडी आली. धुरावरून मी कटकट केली होती, म्हणून तिनं गोवऱ्या बंद केल्या आणि बाभळीचे कोळसे आणवले. कोळशाला धूर नसतो. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही, वास येत नाही. आई स्वतःवर खूश होती. सकाळी रसरसलेला इस्तो पळीत घेऊन माझ्या खोलीत यायची, लेकराला धुरी द्यायची, आणि मी तोंड वाकडं करायच्या आत परत घेऊन जायची.

चार-सहा दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की कपाळाला पदर आवळून बांधलेला. चहा पोटात ठरेना. लेकराला अंघोळ घालताना एकदा तिचा हात सुटला. मावशीनं वरच्या वर धरलं म्हणून बरं. मी घाबरले. बाबांच्या नंतर घरात कुणी नुसतं खोकलं तरी मी देव्हाऱ्याकडे बघायची, आणि इथे तर एकच पालक उरलेला. मी भावाला म्हटलं, यंत्र काढ.

भावानं देव्हाऱ्यातून यंत्र काढलं, सेल घातले, आईनं बोट पुढे केलं. लाल दिवा तिच्या नखाशी लागला. आम्ही सगळे माना घालून बघत बसलो, अगदी बाबांच्या वेळेसारखे. नव्व्याण्णव.

भावानं मोठा श्वास सोडला. मला रडूच आलं. आई हसून म्हणाली, "नव्व्यान्नव? तुले बारावीत बी नव्हते पडले एवढे." आणि मग तो रोजचा खेळ झाला. सकाळी ती डोकं धरून यायची, बाजेच्या काठावर बसायची, बोट पुढे करायची आणि विचारायची, "आज किती पडले?" अठ्ठ्याण्णव पडले की म्हणायची, "एक मार्क काऊन कापला वं?" मी म्हणायची, अक्षर वाईट आहे म्हणून. आकडा बघितला की आम्हा सगळ्यांना दिवसभराची उभारी यायची. आईलाही. ती त्याच्या जोरावर उठून कामाला लागायची.

एक गोष्ट मला दिसत होती, आणि नुसती दिसतच होती. दुपारी ती अंगणात उन्हात बसून लेकराच्या लंगोट्या वाळत घालायची, शेजारणींशी बोलायची, आणि तेव्हा ती ठणठणीत असायची. डोकं उतरायचं, तोंडाला चव यायची. सकाळी पुन्हा तेच. मावशी म्हणाली, "पोरीचं पाहून जीव थकला तिचा, दुसरं काही नाही." मीही तेच म्हटलं. गावातल्या डॉक्टरला बोलावलं, त्यानं रक्तदाब बघितला, स्वतःचं ऑक्सिमीटर लावलं. दोन वेगळी यंत्रं, आकडा तोच, नव्व्याण्णव. पित्त झालं असेल म्हणाला, सुई दिली, जागरण करू नका म्हणाला. त्या डॉक्टरवर माझा राग नाही. दोन यंत्रं एकच बोलतात तेव्हा तिसरं काय विचारायचं असतं, हे मलाही सुचलं नव्हतं, आणि माझा तर तो विषय.

थंडी वाढली. आईनं सयपाकखोलीच्या दाराखालच्या फटीत जुनी वाकळ कोंबली.

त्या सकाळी ती धुरी घेऊन आली नाही. भावानं हाका मारल्या, मग दार ढकललं, वाकळीमुळे ते अडलं, मग खांद्यानं उघडलं. आई अंथरुणावर कुशीवर पडली होती, हात शेगडीकडे. शेगडीत राखेखाली इस्तो जिवंत होता. मावशी धावत आली आणि म्हणाली, "झोपली हाये वं, पाह्य बरं तोंडावर कशी लाली हाये." खरंच होती. गाल, ओठ, सगळं तजेलदार. इतकी छान ती कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. पण ती उठेना. भाऊ तिला गदागदा हलवत होता, आणि मी, कानात कापूस घातलेली ओली बाळंतीण, देव्हाऱ्याकडे धावले. तिच्या सैल पडलेल्या बोटाला यंत्र लावलं. नव्व्याण्णव. मी भावाला ओरडून सांगितलं, "ऑक्सिजन चांगला हाये, डोक्याचं काही असन, घे लवकर!"

आणि आम्ही डोक्याचंच शोधत हिंडलो. तालुक्याला नेलं, तिथेही बोटाला चिमटा लावला, तिथेही आकडा चांगला. ऑक्सिजन लावला नाही, कारण ऑक्सिजन भरपूर होता. मेंदूत रक्तस्राव असेल म्हणून फोटो काढायला पुढच्या गावाला पाठवलं. फोटोत काही नाही. मी लेकराला मावशीकडे टाकून गाडीत बसले होते, दूध उतरून माझं पोलकं ओलं झालं होतं, आणि आईच्या बोटाला मी ते यंत्र लावूनच ठेवलं होतं. रस्ताभर मी तिला सांगत होते, आई, बघ, नव्व्याण्णव आहेत, घाबरू नको.

मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं चिमट्याकडे बघितलं, मग आईच्या ओठांकडे बघितलं, मग माझ्या डोक्याचं फडकं आणि कानातला कापूस बघितला. मला म्हणाली, "घरात बाळंतीण तुम्ही ना? शेगडी कुठे ठेवली होती?"

मी सांगितलं, "आईच्या खोलीत." आणि ते वाक्य तोंडातून पूर्ण बाहेर पडायच्या आत मला सगळं कळलं. पुढचं तिनं समजावून सांगायची काही गरजच उरली नव्हती, तरी तिनं सांगितलं, आणि मी मान हलवत राहिले.

कोंडलेल्या हवेत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साईड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, सोडता सोडत नाही, आणि असलं रक्त अंगभर फिरतं पण कुणालाच काही देत नाही. आणि लाल उजेडात ते रक्त ऑक्सिजनच्या रक्तासारखंच दिसतं, तसंच लालचुटूक, तसंच उजेडाला जाऊ देणारं. यंत्राकडे दिवे दोन. दोन दिव्यांवर दोनच अज्ञात सोडवता येतात, ऑक्सिजनवालं आणि बिनऑक्सिजनवालं. हे तिसरं आलं की हिशेबात त्याला जागाच नाही. यंत्र ते मुकाट्यानं ऑक्सिजनच्या बाजूला मोजतं. दोन समीकरणांत तीन अज्ञात सुटत नाहीत, हे मी नववीत शिकले. त्याला जास्त दिवे असलेलं यंत्र लागतं, ते मोठ्या दवाखान्यात असतं, त्यात रक्ताचा थेंब घालावा लागतो. त्या यंत्रानं आईचा खरा आकडा सांगितला. तो मी इथे लिहिणार नाही. तो परीक्षेत विचारण्यासारखा नाही.

आईला तोंडभर मास्क लावून ऑक्सिजन दिला. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, मला ओळखलं, आणि पहिलं वाक्य बोलली, "लेकरू कोनापाशी हाये?" भाऊ दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला. आम्ही जिंकलो असं वाटलं. घरी आलो, शेगडी भावानं उकिरड्यावर नेऊन फोडली, मावशी तोंड बंद करून धामणगावला निघून गेली. आईनं बारशाला पुरणपोळ्या केल्या, पाळण्याची दोरी ओढली, शेगावला जाऊन अंगारा आणला. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "पोरगी सायन्सची मास्तरीन हाये, तिच्याच हातानं वाचली मी." मी तिला गप्प बस म्हणायची.

डॉक्टरणीनं निघताना सांगितलं होतं, काही आठवडे लक्ष ठेवा, कधीकधी नंतर त्रास होतो. मी लक्ष ठेवलं होतं. पण लक्ष ठेवून काय होतं?

आधी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं. मग ती चपला उंबऱ्यात सोडल्यासारखं करून पायात तशाच ठेवून देवासमोर बसली. मग एक दिवस लेकराला मांडीवर घेऊन बसली असताना लेकरू रडत राहिलं आणि आई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. रडण्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. पाय ओढत चालायला लागली. लुगडं ओलं व्हायला लागलं. पुन्हा तो दवाखाना, पुन्हा ती डॉक्टरीण. ती म्हणाली, विष निघून गेलं तरी मेंदूला त्याचा मार असा उशिरा लागतो कधीकधी. बरी होईल का? काहीजण होतात, ती म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. ती चांगली बाई होती, तिला खोटं बोलता येत नव्हतं.

लोक भेटायला यायचे. मावशीच्या बाजूचे म्हणायचे, बाळंतिणीचा इस्तो हलवायलाच नको होता. माझ्या कॉलेजातले म्हणायचे, अशा अडाणी रिती अजून चालू आहेत, कमाल आहे. दोघांनाही मी चहा पाजला आणि दोघांनाही मला दाराबाहेर हाकलावंसं वाटलं. इस्तो माझ्या खोलीतच राहिला असता तर माझं लेकरू गेलं असतं, मावशीबाई. आणि तुम्ही, सर, तुमच्या आईला कुणी नव्व्याण्णव दाखवले असते तर तुम्ही काय केलं असतं? तुम्हीही सुटकेचा श्वासच सोडला असता. मला वाईट वाटतं का, असं जो तो विचारतो. मला राग येतो. दिव्याचा राग येतो. एवढा स्वच्छ, एवढा लाल, आणि इतक्या ठामपणे चुकीचा.

आई आता माझ्याकडे खामगावला असते. पोरगी रांगायला लागली आहे आणि आई बसून असते. दोघींना मी एकाच वाटीतून मऊ भात भरवते. आई मला ओळखत नाही. कॉलेजची पोरं वह्या न्यायला घरी येतात आणि मला "मॅडम" म्हणतात, ते ऐकून तीही मला मॅडम म्हणायला लागली आहे. अदबीनं बोलते, परक्या बाईशी बोलावं तशी. नेसवताना संकोचते. एकदा म्हणाली, "तुमाले लय तरास होते मॅडम माह्या पायी."

यंत्र मी फेकून द्यायला निघाले होते. पण ते टेबलावर दिसलं की ती बोट पुढे करते. बाकी सगळं गेलं, एवढं राहिलं. रोज सकाळी खिडकीपाशी, उजेडात, ती बाजेच्या काठावर बसते आणि बोट पुढे करून थांबते, आणि मी चिमटा लावेपर्यंत हात खाली घेत नाही. आता तो आकडा खरा असतो. तिच्या रक्तात आता खरंच ऑक्सिजनच असतो, हिशेब बरोबर येतो, दोनच अज्ञात, दोन समीकरणं. त्याचा तिला काही उपयोग नाही.

परवा तिनं विचारलं, "किती पडले?"

मी म्हटलं, "नव्व्याण्णव."

तिचा चेहरा उजळला. बराच वेळ ती त्या लाल दिव्याकडे बघत राहिली. मग माझ्या दंडाला हात लावून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "माह्या पोरीले सांगजा मॅडम. तिले माही लय काळजी रायते."

मी म्हटलं, "सांगते."